बोरॉनच्या नावाखाली ११,१०० रुपयांचा खडू

लिहू की नको करत दोन महिने गेले. गावात हसू झालंच आहे, आता इथंही होऊ द्या.

सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ आणि मला मिळाला त्याहून कितीतरी कमी. म्हणून जानेवारीत तीन एकरात उन्हाळी सूर्यफूल टाकलं. कळ्या धरायच्या वेळी शेंड्याची पानं जाड, कडक, तांबूस पडू लागली. नेमका त्याच आठवड्यात 'कंपनीचा साहेब' मोटारसायकलवर हजर. यांना कुणाच्या वावरात काय बिघडलंय ते कसं कळतं, हे तुम्हाला सांगायला नको.

पान मोडून म्हणाला, "बोरॉनची कमतरता." बोरॉन म्हणजे पिकाला अगदी थोडंच लागणारं अन्नद्रव्य. राग याचाच येतो, की निदान खरं निघालं. खालची पानं पिवळी तर नत्र, कोवळी पानं फिकट तर गंधक. बोरॉन झाडात फारसं सरकत नाही म्हणून त्याची कमतरता नव्या वाढीवर आधी दिसते. सगळं बरोबर सांगितलं त्यानं. रोग खरा सांगणारा औषध खोटं देईल, असं कुणाच्या मनात येईल? मी काही अडाणी नाही, बीए झालेला माणूस आहे.

एकरी दोन पाकिटं, एक १,८५० ला. सहा पाकिटांचे ११,१०० रोख मोजले. बिल? "मोबाईलवर येईल, दादा." पक्कं बिल नसेल तर पाकिटाला हात लावू नका. खत नियंत्रण आदेश १९८५ चा आहे, बिल देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. मला हे नंतर कळलं.

आता ती बादली. फवारणीवाला काडीनं ढवळतोय, ढवळतोय, आणि तळाला पांढरा थर तसाच. म्हणाला, "भाऊ, हे इरघळूनच नाही राहिलं. खळू हाय का काय?" तीनदा नोझल तुंबलं, तीनदा त्यानं तोंडानं फुंकून साफ केलं. पाकीट माझ्या हातात होतं. पुढं बैलजोडी, मागं 'भरघोस उत्पन्न'. बोरॉन किती टक्के? कुठंच नाही. युरियाच्या गोणीवर ४६ टक्के नत्र छापलेलं मी आयुष्यभर वाचतोय, आणि इथं वाचलं नाही. त्याला म्हणालो, "तू ढवळ." हे दोन शब्द अजून झोपू देत नाहीत. पण फूल उमलायचे दिवस मोजके, पैसे देऊन झालेले, तुम्ही काय केलं असतं? दोन फवारण्यांची मजुरी १,८०० वेगळीच.

पुढं फुलाखालचे दांडे आडवे तडकले, फुलं मान टाकून लोंबली. उभी राहिली त्यांच्या मधोमध नुसते पोचट दाणे. १८ क्विंटल धरले होते, झाले ७ क्विंटल ४० किलो. ५,५०० नं ४०,७०० आले. धुऱ्यापलीकडच्या काकांनी तेवढ्याच वावरात साधं बोरॅक्स, म्हणजे बोरॉनचीच साधी पावडर, लिटरला २ ग्रॅम, फूल उमलताना थेट फुलावर मारलं. सव्वा किलोत काम झालं, खर्च चारशेसुद्धा नाही. म्हणून दोनाचे पाच ग्रॅम करू नका, बोरॉन जास्त झालं तरी पीक करपतं. आधी माती तपासा.

तालुक्याला गेलो. पहिला प्रश्न, बिल आहे का. दुसरा, सीलबंद पाकीट आहे का, फोडलेल्याचा नमुना घेता येत नाही. तिसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. चौथ्या खेपेला सांगितलं, मधमाश्या कमी असतील, परागीकरण झालं नसेल. अहो, मधमाश्या काय धुरा ओळखून काकांच्याच वावरात जातात? आणि दांडेही त्यांनीच तडकवले का? बिनपरवाना माणूस तालुकाभर फिरून विकतो तेव्हा कुणी कागद मागत नाही, कागद मागतात तो बुडालेल्याला! पोलीस ठाण्यात म्हणाले, ही कृषीची बाब. कृषीवाले म्हणाले, रोख दिले, आता पोलिसांत जा. सहा खेपांचे एसटीचे ८४० गेले, अर्जावर शिक्का तेवढा मिळाला. काहीही घ्या, एक पाकीट न फोडता ठेवा, नाहीतर माझ्यासारखी रिकामी सहा पाकिटं घेऊन बसाल.

त्याचा नंबर अजून चालू आहे, माझा फोन तेवढा उचलत नाही. परवा त्याचं स्टेटस दिसलं. कुणाच्या तरी कपाशीत उभा, हातात तेच बैलजोडीचं पाकीट.