पीडीमध्ये सूर पट्टीत बसवणे: सहा महिन्यांच्या वापरानंतर

प्युअर डेटा, म्हणजे पीडी, हे मिलर पकेट यांचे १९९६ पासूनचे फुकट सॉफ्टवेअर. पडद्यावर डबे (ऑब्जेक्ट) तारांनी जोडून त्यात आवाज घडवता येतो. त्यात सिंथचा भरकटता सूर रागाच्या स्वरांवर बसवायला बारा घरांचा एक तक्ता पुरतो. काम सोपे वाटते, पण घोळ कडेच्या घरांत होतो.

भूप घेऊ, काळी एक. सा म्हणजे मिडी ४९ (मिडी म्हणजे प्रत्येक स्वराला क्रमांक देणारी पद्धत, अर्ध्या सुराला एक आकडा). आलेल्या आकड्यातून ४९ वजा करा, एक्सप्र या सूत्राच्या डब्यात ०.५ मिळवून फ्लोअर (खालचा पूर्णांक) घ्या. पुढे ट्रिगर लावा, तो आकडा ठरल्या क्रमाने, उजवीकडून आधी, पाठवतो. उजवीकडून डिव्ह १२ (पूर्णांक भागाकार) आणि गुणिले १२, म्हणजे सप्तक. डावीकडून मॉड १२ (बाकी) आणि तक्ता वाचणारा टॅबरीड, म्हणजे स्वर. दोन्हींची बेरीज, अधिक ४९, मग मिडीचे हर्ट्झ करणारा एमटॉफ. ट्रिगर गाळला तर तारा जोडल्याच्या क्रमावर भिस्त राहते आणि तो चुकला तर सप्तक बदलताना पहिला सूर जुन्याच सप्तकात वाजतो. मॉडऐवजी टक्क्याचे चिन्ह वापरले तर मंद्रात बाकी उणे येते आणि तक्ता चुकतो.

तक्ता असा: ०, ०, २.०४, ३.८६, ३.८६, ३.८६, ७.०२, ७.०२, ८.८४, ८.८४, ८.८४, १२. शेवटी १२ च हवा. तिथे शून्य भरलात तर निषादाजवळचा सूर तार षड्जाऐवजी धाडकन एक सप्तक खाली पडतो. टेबल ऑब्जेक्टमधले आकडे फाइलबरोबर जतन होत नाहीत, म्हणून फाइल उघडताच आपोआप चालणाऱ्या लोडबँगच्या मेसेजने भरा. त्या मेसेजमधला पहिला आकडा सुरुवातीच्या घराचा असतो. तो विसरला की सगळे स्वर एक घर अलीकडे सरकतात.

तक्त्यात गंधार ३.८६ आहे, पेटीसारखा ४ का नाही? पेटीचा गंधार तानपुऱ्याच्या जोडीच्या (षड्जाच्या) तारांवर ठेवला की त्याचा चौथा उपस्वर ६९८.५ हर्ट्झ येतो, षड्जाचा पाचवा ६९३. सेकंदाला पाच-साडेपाच हेलकावे. कुमार गंधर्वांच्या सुळेभावीच्या, बेळगावकडच्या या मुलखात ते कुणाच्याही कानाला टोचतील. एमटॉफ अपूर्णांक घेतो, हीच पीडीची खरी कमाई.

नॉबने सूर फिरवताना दोन स्वरांच्या सीमेवर थरथर होते. नॉब वाचणाऱ्या अर्डुइनो या छोट्या सर्किट-बोर्डाचे ०–१०२३ दोन सप्तकांवर पसरले की अर्ध्या सुराला जेमतेम ४२ आकडे मिळतात. बेळगाव-खानापूरकडे पावसाळ्यात वीज ये-जा करते, आणि अर्थिंग नसलेल्या चार्जरवर हे आकडे आणखी नाचतात. चेंज ऑब्जेक्ट इथे कामाचा नाही, तो फक्त तोच आकडा पुन्हा आला तर अडवतो. जुन्या सुरापासून ०.६ पेक्षा जास्त सरकल्यावरच नवा स्वीकारा, अशी अट एक्सप्रमध्ये घाला.

मींड हवी असेल तर एका आकड्यावरून दुसऱ्यावर हळूहळू सरकवणारा लाइन ऑब्जेक्ट एमटॉफच्या आधी लावा, ३० ते ८० मिलिसेकंद. नंतर लावला तर सरक हर्ट्झमध्ये होते आणि मोठ्या उडीत कानाला वाकडी लागते.

भीमपलासला मात्र एक तक्ता पुरत नाही. आरोहात रे-ध वर्ज्य, अवरोहात सगळे. मागच्या सुराशी तुलना करून टॅबरीडला सेट मेसेजने दुसरा तक्ता द्यावा लागतो.