कारखान्याची भेट की पंधरा दिवसांची उमेदवारी?

खानापूरकडं शिकवणाऱ्या मामेबहिणीनं विचारलं, "मुलांना बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत एक दिवस फिरवून आणू, की सुट्टीत पंधरा दिवस कुठं तरी कामावर बसवू?"

खर्च बघितला तर भेट म्हणजे बसभाडं आणि घरचा डबा. दगदग एका दिवसाची, अख्खा वर्ग एकदम जातो. पण दिसतं किती? फौंड्रीत साच्यात ओततात ते लोखंड लांबूनच बघायचं, आणि यंत्रांच्या आवाजात सुपरवायझरचं निम्मं बोलणं विरून जातं. परतताना गप्पा असतात कॅन्टीनच्या भज्यांच्या!

पंधरा दिवसांसाठी मालक दोन-तीनच मुलं घेतो. पालकांची चिठ्ठी, रोजची ये-जा आलीच. शिवाय बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनुसार चौदाच्या आतल्याला कामावर ठेवता येत नाही, अठराच्या आतल्याला धोकादायक कामावर नाही. म्हणजे भट्टी बाद. उरतं मोजमाप, स्टोअर, ऑफिस. तेही कमी नाही. माझ्या भाच्याला व्हर्नियरवर, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीवर, 24.98 मिलिमीटर बिनचूक वाचायला तीन दिवस लागले, तोच आकडा कन्नडमधून सांगायला आणखी दोन. शाळेतलं कन्नड आणि मशीनजवळचं कन्नड वेगळं, हे त्याला तिथंच कळलं.

लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातणारं यंत्र, कधी बघितलाच नाही अशा आठवी-नववीला भेट पुरे. एसएसएलसीनंतर (कर्नाटकातली दहावी) आयटीआय की पीयूसी (अकरावी-बारावी) यात अडकलेल्याला मात्र पंधरा दिवसच दे, मग दोनच मुलं गेली तरी चालतील.