गरोदरपणात सिगारेट सोडण्यासाठी मदत : ठाण्यातील एका प्रसूतिगृहातील सेवा

घोडबंदर रस्त्यालगतच्या एका खासगी प्रसूतिगृहात धाकट्या बहिणीचे नाव घातले, तेव्हा तंबाखू सोडवण्यासाठी तिथे स्वतंत्र समुपदेशक आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हते. ऐरोलीतील रात्रपाळीच्या नोकरीत तिला सिगारेटची सवय लागली होती आणि सासरी याचा कोणालाही पत्ता नसल्यामुळे डॉक्टरांना ती खरे सांगेल अशी मला आशा नव्हती. मात्र वजन आणि रक्तदाब पाहण्याच्या निमित्ताने इथे प्रत्येक गर्भवतीला एकटीलाच आत बोलावतात आणि सिगारेट, बिडी, मशेरी, गुटखा अशी नावे घेऊन शांतपणे विचारतात. (मशेरीला आपल्याकडे कित्येक घरांत व्यसन समजतच नाहीत, नुसते 'धूम्रपान करता का' विचारून ती कळणार नाही.)

समुपदेशक बाईंनी सगळे स्पष्ट सांगितले, पण कुठेही लाज वाटू दिली नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि परिणामी बाळाचे वजन कमी भरण्याचा, अपुऱ्या दिवसांत प्रसूती होण्याचा आणि वार वेळेआधी सुटण्याचा धोका वाढतो. सिगारेट एकदम सोडल्यास बाळाला अपाय होतो, हा ऐकीव समज त्यांनी खोडून काढला. गरोदरपणात शरीर निकोटिनचा निचरा नेहमीपेक्षा वेगाने करते, त्यामुळे तलफ अधिक जाणवू शकते, हे कळल्यावर बहीण स्वतःला दोष देईनाशी झाली. श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजणारे छोटे यंत्र तिथे आहे. सिगारेट सुटली की एक-दोन दिवसांतच त्यावरचा आकडा उतरतो आणि तिच्यावर याचाच सर्वाधिक परिणाम झाला. निकोटिनचे च्युइंगगम दुकानात मिळत असले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, अशी ताकीद मिळाली.

उणिवाही आहेत. समुपदेशनाची वेळ फक्त सकाळची, म्हणजे रात्रपाळी करणाऱ्या स्त्रीच्या झोपेची. घरातील इतरांचा धूरही गर्भाला बाधतो, तरीही नवऱ्यांसाठी वेगळी भेट ठेवलेली नाही. सर्वांत खटकणारी बाब अशी, की बाळंतपणानंतर अनेकींची सवय पुन्हा उचल खाते, आणि नेमक्या त्याच काळात इथून साधा फोनही येत नाही.

ज्यांच्या प्रसूतिगृहात अशी सोय नाही, त्यांनी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर बोलावे. फोन विनामूल्य असून हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.