अमेरिकेत छोटी डिझेल पिकअप घ्यायचीय: जपानची जुनी हायलक्स की सेकंडहँड कोलोरॅडो?

गावाकडे बोलेरो पिकअप बघत मोठं झालेल्या माणसाने अमेरिकेत चार एकर जागा घेतली की त्याला पहिला प्रश्न हाच पडतो, की एवढ्या मोठ्या देशात शोरूममध्ये साधी छोटी डिझेल पिकअप का नाही? टोयोटाची हायलक्स अर्ध्या जगात मिळते, इथे नाही. मग कोणीतरी सांगतं जपानहून मागव, दुसरा म्हणतो शेवरलेची कोलोरॅडो डिझेल घे. दोन्हीची बाजू मांडतो, पण आधी नवी का येत नाही ते थोडक्यात, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे.

सगळे बाहेरून येणाऱ्या पिकअपवरच्या २५ टक्के ड्यूटीला दोष देतात. युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर वाढवला म्हणून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारने १९६४ पासून ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च आणि हलके ट्रक यांच्यावर ड्यूटी बसवली, बाकीचं नंतर सुटलं पण ट्रकवरची अजून आहे. ती चुकवायला सुबारूने ब्रॅट पिकअपच्या हौद्यात चक्क सीट बसवल्या, म्हणजे ती ट्रक नाही, पॅसेंजर गाडी ठरावी. फोर्डने तुर्कस्तानातून ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन पॅसेंजर गाडी म्हणून आणून इथे मागच्या सीट काढल्या, त्याचं प्रकरण २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून मिटलं. पण ड्यूटी भरायची तयारी असली तरी खरी भिंत पुढेच आहे, धुराची. अमेरिकेत डिझेलच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा युरोपपेक्षा बरीच कडक होती, शिवाय क्रॅशचे नियम वेगळे, म्हणजे इंजिन आणि बॉडी दोन्हीवर परत खर्च करायचा आणि खप किती होईल त्याची खात्री नाही.

आपल्या महिंद्राचंच बघा ना. २००६ मध्ये इथे पिकअप विकायचा अमेरिकन वितरकाशी करार झाला, डीलरांनी पैसे भरले, २०१० मध्ये ईपीएचं (धुराचे नियम बघणारं सरकारी खातं) सर्टिफिकेटसुद्धा आलं, पण मायलेज निघालं गॅलनला शहरात १९ मैल आणि हायवेला २१, जिथे लोक ३० ची आशा धरून बसले होते. करार मोडला, भांडण लंडनच्या लवादापर्यंत गेलं आणि निकाल महिंद्राच्या बाजूने लागला, पण पिकअप एकही विकली गेली नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ती गाडी इथल्या छोट्या शेतकऱ्याच्या खरंच कामाची होती.

आता जपानी हायलक्स. गाडीला २५ वर्षं झाली की सेफ्टीचे नियम लागत नाहीत, ईपीएची सूट तर २१ वर्षांनीच मिळते. वय महिन्यावर मोजतात, ऑक्टोबर २००० ची गाडी सप्टेंबर २०२५ मध्ये बंदरात उतरली तर अडकली समजा. जपानी गाडीवर बनवल्याची तारीख बऱ्याचदा नसतेच, म्हणून एक्स्पोर्ट सर्टिफिकेटवरचा पहिल्या रजिस्ट्रेशनचा महिना जपून ठेवा. पिकअप जुनी असली तरी २५ टक्के ड्यूटी आहेच. खालून माती लागलेली चालत नाही, चासी धुऊनच जहाजावर चढवावी लागते. आणि चासी नंबर एलएन१०६ असा सुरू होणारा छोटा असतो, १७ आकडी नाही, त्यामुळे इन्शुरन्सवाल्याचा कॉम्प्युटर तो घेतच नाही आणि फोनवर समजावत बसावं लागतं.

चालवायला मात्र छान. २.८ लिटरचं थ्री-एल इंजिन, टर्बो नाही, ताकद नव्वद हॉर्सपॉवरच्या आसपास, शेतात रांगायला मस्त पण इंटरस्टेटला (मोठ्या हायवेला) ताशी ७० मैलांच्या ट्रॅफिकमध्ये चढ आला की जीव जातो. उजवीकडच्या स्टिअरिंगची आपल्याला सवय आहे, पण हेडलाइटचा झोत डावीकडे वर मारतो, म्हणजे इथे समोरच्याच्या डोळ्यात जातो, ते दिवे बदलाच. बर्फाळ भागातली गाडी असेल तर मागच्या स्प्रिंगजवळची चासी हातोडीने ठोकून बघायला कोणालातरी सांगा, फोटोवर जाऊ नका.

कोलोरॅडो (किंवा तिचीच बहीण कॅन्यन) २०१६ ते २०२२ मध्ये डिझेलमध्ये मिळायची. २.८ लिटर चार सिलिंडर, १८१ हॉर्सपॉवर, ७,७०० पाउंडांपर्यंत ओढते, आणि इंजिन आलं थायलंडच्या कारखान्यातून, म्हणजे तसं बघितलं तर परदेशी डिझेलच तुम्हाला अमेरिकन कागदांसकट मिळतं. कागदाचा त्रास शून्य, बँकेचं लोन मिळतं, एअरबॅग आहेत. उणं म्हणजे डीईएफ (धूर साफ करायला टाकायचं द्रव) ची यंत्रणा, फिल्टर, सेन्सर, हे बिघडले की बिल मोठं. टायमिंग बेल्ट दीड लाख मैलांना बदलायचा असतो, म्हणून १,४०,००० मैल झालेली कोणी स्वस्तात देत असेल तर त्यात बेल्टचा खर्च धरूनच भाव करा. आणि हो, ती हायलक्सइतकी छोटी नाही, गराज मोजून घ्या.

डिझेलचाच हट्ट नसेल तर फोर्डची छोटी पिकअप मॅव्हरिक हायब्रिड बघा, शहरात गॅलनला ४० मैलांच्या वर मायलेज देते, मात्र जड ओढायला ती नाही.

माझं मत स्पष्ट आहे. रोज कामावर त्याच गाडीने जायचं, पोरं बसणार, तर कोलोरॅडो. दुसरी गाडी घरात आहे, स्पॅनर हातात धरता येतो आणि पार्टसाठी महिनाभर थांबायची तयारी आहे, तरच हायलक्स. पण डिपॉझिट पाठवायच्या आधी आपल्या राज्याच्या डीएमव्हीला (तिथलं आरटीओ) विचारा, कारण फेडरल नियमात बसली तरी रस्त्यावर नंबर देणं राज्याच्या हातात आहे आणि कॅलिफोर्नियात तर धुराचे नियम आणखी कडक आहेत. उत्तर लेखी घ्या, ईमेलवर चालेल.