फी भरायला आठ दिवस उरलेत, तर आधी कुणाकडे जायचे?

गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या आमच्या मुलांचे कॉलेज तीन वर्षांच्या खर्चामुळे क्वचितच सुटते. सुटते ते एका हप्त्यापायी. वडील माडावरून पडतात, आईचे ऑपरेशन निघते आणि त्याच आठवड्यात परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख येते. २०१२ साली खाणी बंद झाल्या, तेव्हा ट्रकांवर चालणाऱ्या घरांत हे जवळून पाहिले. म्हणून पर्याय तोलताना मी व्याजदराच्या आधी एक गोष्ट बघते: पैसे किती दिवसांत हातात पडतील?

पहिले दार कॉलेजचेच. मुले तिथे सगळ्यात शेवटी जातात, कारण लाज वाटते. माझ्या वर्गातली तिसऱ्या वर्षाची एक मुलगी पंधरा दिवस दिसली नाही. फोन केला तर म्हणाली, "मॅडम, पुढच्या वर्षी बघते." तिला बोलावून घेतले. वहीच्या कागदावर तिने अर्ज लिहिला: काय घडले, किती रक्कम कमी पडते, कधीपर्यंत भरेन. बस्स, एवढेच. प्राचार्यांनी फीचे हप्ते पाडून दिले आणि परीक्षेची फी शिक्षकांनी वर्गणी काढून भरली. प्रत्येक कॉलेजात असा निधी असेलच असे नाही, पण मुदत मागायला काही लागत नाही. अर्ज मात्र लेखी द्या आणि पोच घ्या.

सरकारी मदत मोठी, पण सावकाश येणारी. गोवा शिक्षण विकास महामंडळ उच्च शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देते. अजून दोन-तीन वर्षे शिकायचे असेल तर माझ्या मते याच्यासारखे दुसरे काही नाही. बारावीत चांगले गुण असलेल्यांना केंद्राच्या शिष्यवृत्तीतून पदवीच्या वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण मामलेदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणण्यातच आठ दिवस निघून जातात. अर्ज जरूर करा, या हप्त्यासाठी त्यावर विसंबू नका.

बँकेच्या शैक्षणिक कर्जाचेही तेच. ४ लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची शैक्षणिक कर्जाची योजना ठरावीक दर्जेदार संस्थांपुरतीच आहे, तेव्हा आपले कॉलेज यादीत आहे का ते आधी पाहा.

त्याच दिवशी पैसे देणारी दोनच दारे: सोनेतारण आणि मोबाईलवरचे कर्ज. आईची पाटली साबण लावून हातातून काढताना घरात सगळे गप्प होतात, हे मला माहीत आहे. तरीही या दोहोंत मी सोनेच निवडीन. बँकेत किंवा सोसायटीत व्याज आधी कळते, पावती मिळते आणि कर्ज फेडले की पाटली परत येते. कागदावर रक्कम आणि मुदत वाचूनच सही करा. ॲपवर पाच हजारांचे कर्ज फेडायला दुसऱ्या ॲपवरून सात हजार घेतलेली मुले मी पाहिली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा ॲपने कर्जाच्या वार्षिक खर्चाचा आकडा आधी दाखवायला हवा आणि फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावता कामा नये. जे ॲप ती यादी मागेल, ते तिथल्या तिथे काढून टाका.

म्हणजे क्रम असा: आज कॉलेजात अर्ज, उद्या मामलेदार कचेरी. चौथ्या दिवसापर्यंत कॉलेजकडून उत्तर नाही आले, तरच सोने; तेही हप्त्यापुरतेच, एक पैसा जास्त नको.

आणि एवढे करूनही वर्ष सोडावेच लागले, तर नुसते यायचे बंद करू नका. नव्या शैक्षणिक धोरणाखाली शिकत असाल तर मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन नोंदवहीत सात वर्षांपर्यंत राहतात. ती तुमच्या खात्यात चढली आहेत का, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारून मगच घरी जा.