पॅकिंग न उघडताच बदललेली कॉइल

बिलावर पाच ओळी होत्या. स्टेटर कॉइल 6,400, रेग्युलेटर 3,850, बॅटरी 1,900, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रिपेअरिंग 3,500, मजुरी 2,200. एकूण 17,850 रुपये. यातली बॅटरी तेवढी खरोखर नवी होती.

गाडी होंडा सीबीआर 250 आर, 2012 चं मॉडेल, जीजे 06 पासिंगची. ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्याची विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा ही अकोट्यातल्या एका अपार्टमेंटच्या तळघरात सीटपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर कुणीतरी शहाण्या माणसाने आधी प्लग काढून सिलिंडर रिकामा केला, दोनदा ऑइल बदललं, टाकी उपसली आणि मगच सेल्फ मारला. त्यामुळे इंजिन वाचलं. दीड महिन्याने तक्रार सुरू झाली: सकाळी सेल्फला नुसतं टिकटिक, धक्का मारून चालू केली तर दिवसभर चालायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा मधूनमधून लुकलुकायचा. गाडी मुलाची, मुलगा पुण्याला, म्हणून त्याचे वडील, म्हणजे काका, ती गॅरेजला घेऊन गेले. तिथे पाच मिनिटांत निदान झालं, "काका, कॉइल बळी गई छे." म्हणजे कॉइल जळाली. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर बाहेर आलाच नाही. पंधरा दिवसांनी बॅटरी पुन्हा खाली.

इथे थोडं थांबून हे समजून घ्यायला हवं की "कॉइल गेली" हे वाक्य इतकं का चालतं. डाव्या कव्हरच्या आत तांब्याच्या वेटोळ्यांची एक चकती असते, हीच स्टेटर कॉइल, तिच्याभोवती चुंबक लावलेलं फ्लायव्हील फिरतं आणि वीज तयार होते. ती तीन पिवळ्या तारांनी बाहेर येते, रेग्युलेटरमध्ये एसीची डीसी होते आणि बॅटरीत जाते. या साखळीत कुठेही अडथळा आला की लक्षण एकच, बॅटरी उतरते. ग्राहकाला तिन्हीतलं काहीच दिसत नाही. कॉइल तर इंजिनच्या पोटात. न दिसणाऱ्या वस्तूचे पैसे लावणं सगळ्यात सोपं.

पण ती खरंच बदलली की नाही, हे बाहेरून कळतं. स्टेटर बदलायचा तर डावं कव्हर काढावं लागतं. फ्लायव्हीलचं चुंबक ते ओढून धरतं, सहज निघत नाही. निघालं की सांध्यातलं कागदी पॅकिंग (गॅस्केट) फाटतं, थोडं तरी ऑइल सांडतं. म्हणजे बिलात कॉइलच्या खाली निदान दोन ओळी हव्यातच: कव्हरचं पॅकिंग आणि ऑइल. या गाडीला ऑइल फिल्टरसकट बदललं तर 1.5 लिटर लागतं, नुसतं काढून भरलं तर 1.4 लिटर. काकांच्या बिलात ना पॅकिंग, ना ऑइल. मग कव्हरच्या बोल्टकडे बॅटरी धरून पाहिलं. (ही हातातली बॅटरी, गाडीची नव्हे.) बोल्टच्या डोक्यांभोवती पुराचा राखाडी गाळ वाळून घट्ट बसलेला, एकाही कडेवर पान्याचा ओरखडा नाही. पॅकिंगची कड इंजिनच्या रंगासारखीच मळलेली. नवं पॅकिंग असतं तर महिनाभर तरी ती कड वेगळी उठून दिसते. त्या कव्हरला पुरानंतर कुणी हातही लावला नव्हता.

रेग्युलेटरची गोष्ट जास्त मजेशीर. चकचकीत काळा, अगदी नवा. नखाने पट्टीवर खरवडलं तर रंगाचं साल निघालं आणि खालच्या दोन पट्ट्यांच्या फटीत तोच गाळ. जुन्यालाच स्प्रे मारलेला. नवा रेग्युलेटर कधी बिनखोक्याचा येत नाही. खोकं, त्यावरचा पार्ट नंबर आणि एमआरपीचं लेबल मागून घ्या, आणि काढलेला जुना त्याच खोक्यात घालून परत मागा. काकांनी जुने पार्ट मागितले तेव्हा उत्तर मिळालं, "ए तो भंगारमां गया."

आता खरं निदान. लागतं काय, तर तीनचारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणि अर्धा तास. क्रम महत्त्वाचा, कारण प्रत्येक आकडा पुढचा पार्ट निर्दोष ठरवत जातो.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर डीसी व्होल्ट बघा. 12.6 च्या वर असेल तर भरलेली, 12.2 च्या आसपास अर्धी, 12 च्या खाली रिकामी. रिकामी असेल तर आधी चार्जरवर भरून घ्या, नाहीतर पुढचे सगळे आकडे खोटे येतील. मग सेल्फ मारताना बघा. साडेनऊ-दहाच्या खाली कोसळली तर बॅटरी थकली आहे किंवा तारेत अडथळा आहे. आता इंजिन गरम करून, हेडलाइट हाय बीमवर ठेवून 5,000 आरपीएमला धरा. 13.5 ते 15 च्या दरम्यान आलं तर चार्जिंग नीट आहे, गॅरेजला जायचंच नाही. 15.5 च्या वर गेलं तर रेग्युलेटर वाहवत चालला आहे, तो बॅटरी उकळवेल. आणि रेस देऊनही 12.4, 12.3 असं खालीच उतरत राहिलं तर वीज वाटेत कुठेतरी अडते आहे. काकांच्या गाडीला 12.5 दिसत होतं, नव्या बॅटरीवर.

या टप्प्यावर नव्वद टक्के गॅरेजवाले "कॉइल" म्हणतात, असं लिहायचा मोह होतो, पण आकडा कुणी मोजलेला नाही. बरेच म्हणतात एवढं पुरे. पुढची चाचणी दहा मिनिटांची आहे. रेग्युलेटरचं कपलर (तारा जोडणारं प्लॅस्टिकचं सॉकेट) सोडा, इंजिनकडच्या तीन पिवळ्या तारा मोकळ्या करा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली अशा तीन जोड्या मोजा. आकडा गाडीगाडीनुसार वेगळा असेल, महत्त्वाचं हे की तिन्ही जोड्या जवळजवळ सारख्या हव्यात आणि रेस दिल्यावर सारख्याच वाढायला हव्यात. या गाडीत 5,000 ला 58, 57, 58 आलं. एक जोडी 58 आणि दुसरी 20 आली असती तर कॉइलचा एक भाग जळाला म्हणता आलं असतं. नंतर इंजिन बंद करून प्रत्येक पिवळी तार आणि इंजिनची बॉडी यांच्यात कंटिन्युइटी (वीज थेट वाहते का) बघा. मीटरने बीप देता कामा नये. तारांमधला रेझिस्टन्स 0.1 ते 1 ओहमच्या दरम्यान असतो, पण स्वस्त मीटरच्या स्वतःच्या तारांचाच 0.3 निघतो. तेव्हा आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून येईल तो आकडा वजा करा, आणि तरीही या चाचणीवर फार विश्वास ठेवू नका. एसी व्होल्ट खोटं बोलत नाहीत.

कॉइल ठणठणीत. रेग्युलेटरही: मीटर डायोडवर ठेवला तर प्रत्येक पिवळीकडून लाल तारेकडे 0.4 ते 0.6, उलट दिशेने काहीच नाही; आणि हिरव्या, म्हणजे अर्थिंगच्या तारेकडून प्रत्येक पिवळीकडे तेवढंच, उलट काहीच नाही. मग दोष जोडणीत असणार, आणि पहिला तर डोळ्यांनीच दिसला. पिवळ्या तारांच्या कपलरचं पांढरं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात तपकिरी होऊन वितळलेलं, आतलं टर्मिनल काळं, तार सोलली तर दोन सेंटिमीटरपर्यंत तांबं हिरवं. पुराचं पाणी तारेच्या आवरणाखाली असं वर चढतं आणि महिन्यादीड महिन्याने गंज धरतो. गंजलेल्या सांध्यावर करंट गेला की तो तापतो, तापला की आणखी गंजतो. पाणी ओसरल्यावर लगेच सगळं चालतं आणि दिवाळीच्या आसपास बंद पडतं, ते यामुळे.

दुसरा दोष अर्थिंगचा. मीटर डीसीवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं रेग्युलेटरच्या हिरव्या तारेवर, इंजिन 5,000 वर. इथे 0.2 च्या आत यायला हवं. आलं 1.1. म्हणजे रेग्युलेटर देत होता त्यातला एक व्होल्ट एका बोल्टखालीच मरत होता. हीच चाचणी सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनची बॉडी यांच्यातही करा, टिकटिकीची निम्मी कोडी तिथे सुटतात.

दुरुस्ती: तिन्ही पिवळ्या तारा चकचकीत तांबं लागेपर्यंत कापल्या, त्याच मापाची सहा नवी टर्मिनल क्रिंपिंगच्या पकडीने दाबली, नवं कपलर, अर्थिंगचा बोल्ट आणि फ्रेमची जागा पॉलिश पेपरने घासून वर थोडं ग्रीस. तार कमी पडली तर त्याच जाडीचा तुकडा जोडायचा. पिळून वर काळी टेप गुंडाळायची नाही, पुढच्या पावसात तीच टेप पाणी धरून ठेवते. सामान तीनशेच्या आत. बॅटरीवर 14.3 आलं.

राहिली ईसीयूची 3,500 ची ओळ. होंडाचा पिवळा दिवा नुसता लुकलुकत नाही, आकडा सांगतो. गाडी साइड स्टँडवर, चावी चालू, किल स्विच 'रन'वर, इंजिन बंद. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब दोन छोट्या म्हणजे 12, इंजेक्टर. आठ छोट्या म्हणजे थ्रॉटलचा सेन्सर. ही गाडी सात वेळा लुकलुकत होती. सात म्हणजे कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. त्याचं कपलर काढलं तर आत गाळ, दोन पिना हिरव्या. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, जुना टूथब्रश, संपलं. ईसीयूचा डबा जागेवरच होता, त्याच्या रबरावरची धूळही पुसलेली नव्हती. ईसीयू मेली म्हणणाऱ्याला एकच विचारा: चावी फिरवल्यावर दिवा लागतो का, आणि पेट्रोल पंप दोन सेकंद गुणगुणतो का? दोन्ही होत असेल तर ती बहुतेक जिवंत आहे.

जुन्या स्पोर्ट गाड्यांवर चालणारी आणखी एक हातचलाखी. गाडी अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) किंवा कुठेही आडवी पडली की बँक अँगल सेन्सर (गाडी किती कलली ते बघणारा) इंजिन बंद करतो आणि चावी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय इंजिन सुरू होऊ देत नाही. लोक उचलून नुसता सेल्फ मारत बसतात, मग टेम्पोतून गॅरेजला. तिथे कुणीतरी चावी काढून पुन्हा लावतो आणि बिल येतं पंप साफ केल्याचं.

रिवाइंड केलेली, म्हणजे जुन्याच चकतीवर नवी तार गुंडाळलेली कॉइल वाईटच असते असं नाही. उष्णता सोसणारी तार आणि भट्टीत पक्कं केलेलं वार्निश असेल तर ती वर्षानुवर्षं चालते. साधं वार्निश मात्र गरम ऑइलमध्ये विरघळतं आणि वेटोळी मोकळी पडतात. फसवणूक होते ती रिवाइंड बसवून नव्याचे पैसे घेण्यात. बिलावर "रिवाइंड" की "नवी, पार्ट नंबर अमुक" हे लिहून घ्या.

गाडी सोडतानाच जॉब कार्डवर तीन वाक्यं स्वतःच्या हाताने लिहा: पार्ट बदलण्याआधी फोन करावा, मीटरचे आकडे लिहावेत, जुने पार्ट परत द्यावेत. कॉइलच्या कव्हरच्या एका बोल्टवर आणि रेग्युलेटरच्या पाठीला नेलपॉलिशचा ठिपका घरूनच लावून न्या. कुणाच्या लक्षातही येत नाही. बिलावर 24 ने (हा गुजरातचा आकडा) सुरू होणारा पंधरा अक्षरी जीएसटी नंबर आहे का पाहा आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून दुकानाचं नाव जुळतं का बघा. साध्या चिठ्ठीवर "पक्कं बिल पछी" (नंतर) म्हणणाऱ्याला पैसेही पछीच. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915, आणि तिथे जाताना बोल्टचा, पॅकिंगच्या कडेचा, खरवडलेल्या रंगाचा फोटो तारखेसकट हवा.

काकांनी तेच केलं. फोटो दाखवल्यावर कॉइलचे 6,400 रोख परत आले. म्हणे, "छोकराथी भूल थई गई, काका." पोराकडून चूक झाली. रेग्युलेटरचं विचारलं तर मालक चहा सांगायला उठले. ते आणि ईसीयूचे मिळून 7,350 रुपये अजून यायचे आहेत.