‘द रेस फॉर स्पेस’ : अंतराळशर्यतीची पंधरा वर्षे, नऊ गाण्यांत

अंतराळ हा विषय रॉक संगीताला नवा नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पिंक फ्लॉइड, हॉकविंड यांसारख्या ब्रिटिश बँडनी लांबत जाणारे गिटारवादन, घुमणारे प्रतिध्वनी आणि सिंथेसायझरचे तरंगते स्वर यांतून ‘स्पेस रॉक’ नावाचा एक वेगळाच प्रांत उभा केला. त्या प्रांतातले अंतराळ बहुतांशी मनातले होते. ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत आणि कुठेतरी दूर निघून जावे, एवढीच त्याची अपेक्षा असे. ‘पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग’ या लंडनच्या स्वतंत्र बँडने फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘टेस्ट कार्ड रेकॉर्डिंग्ज’ या आपल्याच लेबलवर प्रसिद्ध केलेला ‘द रेस फॉर स्पेस’ हा अल्बम ऐकताना तो स्वप्नाळूपणा पुरेपूर मिळतो. मात्र इथले अंतराळ तारीख-वारासकट खरे आहे. १९५७ ते १९७२ या पंधरा वर्षांत सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांच्यात जी शर्यत झाली, तिच्यातले निवडक प्रसंग नऊ गाण्यांत आणि पाऊण तासाहून थोड्या कमी वेळात मांडण्याचे काम या अल्बमने केले आहे, आणि माझ्या मते संकल्पनाप्रधान अल्बम कसा बांधावा याचा तो अतिशय उत्तम नमुना आहे.

या बँडची पद्धत आधी समजून घ्यायला हवी. ‘जे. विलगूस, एस्क्वायर’ आणि ‘रिगल्सवर्थ’ अशी रंगमंचीय नावे घेतलेले दोघे वादक हा अल्बम आला तेव्हा बँडच्या केंद्रस्थानी होते. पहिला गिटार, कळफलक आणि ध्वनिसंयोजन सांभाळतो, तर दुसरा ड्रम्स. नेहमीच्या अर्थाने गायक असा त्यांच्यात कोणी नाही. जुने माहितीपट, वृत्तपट आणि सरकारी चित्रफिती यांतले निवेदकांचे आवाज उचलून ते संगीतात गुंफले जातात आणि गाण्याच्या शब्दांची जागा हे आवाज घेतात. २०१३ च्या पहिल्या पूर्ण अल्बममध्येही हीच रीत होती, पण तिथे प्रत्येक गाण्याचा विषय निराळा असल्यामुळे एकेक तुकडा आवडूनही सगळ्याचे मिळून एक चित्र तयार होत नसे. इथे मात्र ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहातील सामग्री आणि ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातील संभाषणे एकाच कथेला जुंपली गेली आहेत.

सुरुवात होते ती राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या आवाजाने. १२ सप्टेंबर १९६२ रोजी ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात त्यांनी केलेले, ‘आपण चंद्रावर जायचे ठरवले आहे’ असे सांगणारे भाषण अनेकांनी अनेकदा ऐकलेले असते. बँडने त्याखाली ड्रम्स किंवा गिटार न ठेवता मानवी कंठांचे समूहगान ठेवले आहे. त्या निर्णयामुळे एका राजकीय भाषणाला प्रार्थनेचे गांभीर्य येते, आणि पुढे जे येणार आहे ते केवळ यंत्रांविषयीचे नाही, हे पहिल्या अडीच मिनिटांतच कळून चुकते.

त्यानंतरचे ‘स्पुटनिक’ सात मिनिटांच्या आसपास चालते आणि अजिबात घाई करत नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी पृथ्वीभोवती फिरू लागलेला हा ८३.६ किलो वजनाचा, जेमतेम ५८ सेंटीमीटर व्यासाचा धातूचा गोल फक्त संकेत पाठवत राहिला, आणि तेवढ्याने जग हादरले. गाण्यातही एका बारीक, ठरावीक अंतराने येणाऱ्या ठोक्याभोवती एकेक थर चढत जातो : आधी सिंथेसायझर, मग बास, मग हळूहळू घट्ट होत जाणारा ठेका. ‘क्राउटरॉक’ या प्रयोगशील जर्मन रॉकमधली ती न थांबणारी, पुढेच सरकत राहणारी लय या बँडच्या अंगात भिनलेली आहे आणि कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहासाठी तिच्याइतकी समर्पक लय दुसरी सापडली नसती. एरवी सात मिनिटे लांबण लागली असती, पण इथे ती हवीहवीशी वाटतात.

‘गागारिन’ने मात्र रसिकांची विभागणी होईल, असे मला वाटते. १२ एप्रिल १९६१ रोजी १०८ मिनिटांचे उड्डाण करून परतलेल्या सत्तावीस वर्षांच्या युरी गागारिनसाठी बँडने चक्क ब्रास वाद्यांचा ताफा आणि नाचरा फंक निवडला आहे. स्वप्नाळू, तरंगते संगीत ऐकण्याच्या तयारीने बसलेल्या श्रोत्याला हा झटका अनपेक्षित वाटेल. परंतु हे गाणे उड्डाणाचे नसून उड्डाणानंतरच्या जल्लोषाचे आहे, हे लक्षात आले की निवड पटते. एका माणसाचा एका दिवसात जगभरात जयजयकार होतो, तेव्हा मिरवणुकीचेच संगीत वाजायला हवे.

आणि मग ती मिरवणूक एकदम तुटते. ‘फायर इन द कॉकपिट’मध्ये ठेका नाही, चाल म्हणावी असे काही नाही, खर्जातली एक घरघर, खरखर आणि वर एक निर्विकार आवाज, जो २७ जानेवारी १९६७ च्या अपोलो १ च्या दुर्घटनेची बातमी सांगतो. जमिनीवरच चाललेल्या चाचणीत यानाच्या कुपीला आग लागली आणि गस ग्रिसम, एड व्हाइट व रॉजर चॅफी हे तिघे अंतराळवीर आतच मरण पावले. या प्रसंगावर करुण सुरावट रचणे फार सोपे होते. बँडने तो मोह टाळला, आणि म्हणूनच ही तीन मिनिटे अंगावर येतात. हे गाणे वगळून पुढे जाण्याची सोय प्रत्येक यंत्रात असते. ती वापरू नये, कारण पुढच्या गाण्यांतल्या आनंदाची किंमत इथेच ठरते.

इथे अल्बमच्या रचनेतली एक बारीक गोष्ट सांगावीशी वाटते. गाण्यांचा क्रम कालानुक्रमे नाही. १९६७ च्या आगीनंतर १९६५ चा अंतराळातला पहिला मुक्त संचार येतो, १९६८ च्या अपोलो ८ नंतर १९६३ ची व्हॅलेंटिना तेरेश्कोवा येते. इतिहासाच्या काटेकोर अभ्यासकाला हे खटकू शकेल. पण तारखांची साखळी मोडल्यामुळेच भावनेची साखळी जुळते : शोकानंतर मोकळा श्वास, ताणानंतर विसावा, आणि विसाव्यानंतर पुन्हा ताण. ‘ई.व्ही.ए.’ (यानाबाहेरील संचाराचे इंग्रजी लघुरूप) हा तो मोकळा श्वास आहे. १८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव सुमारे बारा मिनिटे यानाबाहेर तरंगला. गिटारचे सूर इथे इतके विरळ आणि पारदर्शक होतात की स्पेस रॉकची सगळी परंपरा या गाण्यात वारसाहक्काने आल्यासारखी वाटते.

‘दि अदर साइड’ हे माझ्या दृष्टीने या अल्बमचे शिखर आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. डिसेंबर १९६८ मध्ये फ्रँक बोरमन, जिम लव्हेल आणि बिल अँडर्स अपोलो ८ मधून चंद्रापर्यंत पोहोचले. चंद्राच्या कक्षेत शिरण्यासाठी यानाचे इंजिन सुमारे चार मिनिटे चालवायचे होते आणि तेही चंद्राच्या मागच्या बाजूला, जिथून पृथ्वीशी रेडिओसंपर्क होऊच शकत नाही. इंजिन चाललेच नाही तर यान चंद्राला वळसा घालून परत फिरणार. गरजेपेक्षा जास्त चालले तर चंद्रावर आदळणार. अर्ध्या तासाहून अधिक काळ ह्यूस्टनमधल्या कोणालाही, काय झाले ते कळण्याचा मार्ग नव्हता. गाण्यात नियंत्रण कक्षाचा निवेदक अत्यंत संथ, जवळजवळ कारकुनी स्वरात संपर्क तुटण्याच्या क्षणापर्यंतचा वेळ सांगत राहतो आणि त्याच्या मागे बास आणि ड्रम्स एका ठाम लयीत चालत राहतात. संपर्क तुटतो आणि त्याबरोबर वाद्येही निघून जातात. उरतो तो एक पुसटसा, कुठे टेकतच नाही असा स्वर, आणि वाट पाहत असल्याचे सांगणारा तोच आवाज.

ती शांतता फार मोठी नाही, पण तिच्यात बँडने जो संयम दाखवला आहे, त्याला तोड नाही. दुसऱ्या कोणी इथे तंतुवाद्ये थरथरवून उत्कंठा वाढवली असती. इथे काहीच होत नाही, आणि प्रत्यक्षातही त्या खोलीत काहीच होत नव्हते. माणसे नुसती बसून होती. मग संकेत मिळाल्याचे निवेदक सांगतो, त्याच्या स्वरातला कोरडेपणा पहिल्यांदाच ढळतो, मागे खोलीतला हर्षकल्लोळ ऐकू येतो आणि गिटार व ड्रम्स एकाच वेळी पूर्ण ताकदीने परततात. शेवट सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका घटनेची धाकधूक पुन्हा अनुभवायला लावणे, हे मोठे कसब आहे. हे गाणे हेडफोन लावून, आजूबाजूला गोंगाट नसताना ऐकावे, कारण त्या मधल्या भागातला क्षीण स्वर साध्या स्पीकरवर हरवून जातो.

‘व्हॅलेंटिना’मध्ये ‘स्मोक फेअरीज’ या इंग्लिश जोडीचे आवाज आहेत. जून १९६३ मध्ये जवळजवळ तीन दिवस पृथ्वीभोवती ४८ प्रदक्षिणा घालणाऱ्या पहिल्या स्त्री-अंतराळवीरासाठी निवेदकाऐवजी गाणाऱ्या स्त्रीकंठांवर भर देण्याची कल्पना सुंदर आहे, आणि अल्बममधले सर्वांत स्वप्नमय संगीत इथेच आहे. तरीही माझे समाधान पूर्ण होत नाही. बाकी सगळ्यांची कामगिरी आपल्याला शब्दांत कळते. तेरेश्कोवाच्या वाट्याला मात्र एक हळुवार धुके येते. ज्या स्त्रीने एकटीने यानात इतका काळ काढला, तिच्याविषयी काहीतरी ठोस कानावर पडायला हवे होते.

‘गो!’मध्ये २० जुलै १९६९ चे चंद्रावतरण आहे. उड्डाणसंचालक जीन क्रांझ एकेका विभागाला विचारत जातो आणि प्रत्येक जण ‘गो’ म्हणून होकार देतो. बँडने या प्रश्नोत्तरांनाच ध्रुपद बनवले आहे. प्रत्येक ‘गो’चा उच्चार निराळा आहे, कोणाचा आत्मविश्वासाचा, कोणाचा घाईचा, आणि धावत्या ठेक्यावर ते एकामागून एक येतात तेव्हा त्या खोलीतल्या कामाची शिस्त आणि तिच्याआडची धडधड दोन्ही ऐकू येतात. आर्मस्ट्राँगचे ते जगप्रसिद्ध वाक्य घेऊन गाणे रचण्याचा सोपा मार्ग न पत्करता जमिनीवर बसून काम करणाऱ्यांना नायक केले, याबद्दल बँडचे मनापासून कौतुक वाटते.

शेवटचे ‘टुमॉरो’ हे अपोलो १७ चे. डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावरून निघताना जीन सर्नन जे बोलला, त्यातूनच हे शीर्षक आले आहे. सात मिनिटांच्या या निरोपात वाद्ये हळूहळू एकत्र येतात आणि हळूहळूच विरतात. उत्तरार्ध किंचित अधिक लांबला आहे, असे माझे मत आहे. पण ज्या प्रवासानंतर दशकानुदशके माणसाने पुन्हा चंद्रावर पाऊल ठेवले नाही, त्याचा निरोप लवकर आटोपला असता तर तेही बोचले असते.

माझा खरा आक्षेप आणखी एका गोष्टीला आहे. अमेरिकेची बाजू आपण नियंत्रण कक्षाच्या आत बसून ऐकतो. सोव्हिएत बाजू मात्र वृत्तपटांच्या इंग्रजी निवेदनातून, म्हणजे विजयाची अधिकृत कहाणी म्हणून आपल्यापर्यंत येते. परिणामी अमेरिकनांना भीती, शोक आणि थकवा मिळतो, तर सोव्हिएतांना केवळ गौरव. लिओनोवचा पोशाख पोकळीत फुगला आणि आतला दाब कमी करून त्याला जिवावर उदार होऊन यानात परतावे लागले, हा थरार गाण्यात नाही. एप्रिल १९६७ मध्ये सोयुझ १ मध्ये प्राण गमावलेल्या व्लादिमिर कोमारोवला इथे जागा नाही, आणि या सगळ्या यशामागचा मुख्य अभियंता सर्गेई कोरोल्योव, ज्याचे नाव त्याच्या मृत्यूपर्यंत गुप्त ठेवले गेले होते, त्यालाही नाही. उपलब्ध ध्वनिसामग्रीवरच सारी मदार असलेल्या पद्धतीची ही मर्यादा आहे, हे मला मान्य आहे. पण ‘फायर इन द कॉकपिट’च्या शेजारी कोमारोवसाठी तेवढेच उजाड तीन मिनिटांचे संगीत असते, शब्दांविना असते तरी चालले असते, तर शर्यतीच्या दोन्ही पारड्यांत सारखे वजन पडले असते.

ज्यांना गाण्यात गायक हवाच असतो, त्यांनी ‘व्हॅलेंटिना’पासून सुरुवात करण्याचा मोह टाळावा, कारण त्यावरून बाकीच्या अल्बमचा अंदाज येत नाही, ‘दि अदर साइड’ आधी ऐकावे आणि ते भावले तर पहिल्यापासून, क्रम न मोडता, एका बैठकीत सगळे ऐकावे. चंद्रावतरणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, जुलै २०१९ मध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील बीबीसी प्रॉम्स महोत्सवात बँडने हा अल्बम वाद्यवृंदासह सादर केला. संगीताला असा भव्य साज चढवता येतो हे खरे असले, तरी मी स्वतः मूळ ध्वनिमुद्रणाकडेच वळेन. त्यात वाद्ये मोजकी असल्यामुळे आवाजांभोवती मोकळी जागा राहते, आणि क्रांझच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी एखादा तंत्रज्ञ घेतो तो अर्ध्या श्वासाएवढा विराम तिथे स्पष्ट ऐकू येतो.